घरचं वायफाय अडलं तर: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“नेट गेलंय, जरा येऊन बघ की,” असं आमच्याकडे प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी म्हणतच असतं. बहुतेक वेळा बिघाड छोटा असतो. पण तो नेमका कुठे आहे हे न बघताच वायफायचा डबा (राउटर) बंद-चालू केला जातो, मागचं बटण दाबलं जातं आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. बिघाडाच्या जागा चारच आहेत: बाहेरून येणारी तार, घरातला डबा, डब्यापासून फोनपर्यंतचं अंतर आणि खुद्द फोन. खालची उत्तरं ती जागा ओळखता यावी म्हणून लिहिली आहेत.

नेट गेलं की सगळ्यांत आधी काय बघायचं?

घरातला दुसरा फोन. एकाच फोनवर नेट नाही आणि बाकीच्यांचं चालतंय, तर बिघाड त्या फोनमध्ये आहे, कंपनीला फोन लावायची गरज नाही. सगळ्यांचंच गेलं असेल तर डब्यासमोर उभं राहून दिवे बघा.

फायबरच्या, म्हणजे काचेच्या तारेने येणाऱ्या नेटच्या, बहुतेक डब्यांवर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर काचेच्या तारेतून प्रकाश नीट येतोय. लॉस लाल लुकलुकत असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही. तार तुटलीय, कुठेतरी दबलीय किंवा खांबावरच्या पेटीत काहीतरी झालंय. पॉन हिरवाच पण सारखा लुकलुकतोय, तर प्रकाश येतो, मात्र डब्याची कंपनीच्या यंत्राशी नोंद होत नाही. हेसुद्धा कंपनीनेच बघायचं. आणि पॉन स्थिर, लॉस बंद, पण ‘इंटरनेट’चा दिवा विझलेला किंवा लाल, तर तार ठीक आहे आणि अडचण लॉगिनची किंवा रिचार्जची आहे. प्लॅन संपलाय का, एवढं आधी बघून घ्या. काही डब्यांना एकच दिवा असतो आणि तो रंग बदलतो. त्या रंगांचा अर्थ डब्यासोबत आलेल्या कागदावर दिलेला असतो, तो कागद टाकून देऊ नका.

लाल दिवा दिसला तर घरात करण्यासारखं एकच काम उरतं. डब्यात खोचलेलं हिरवं टोक सैल झालंय का, आणि बारीक तार कपाटामागे चेपली किंवा दुमडली गेलीय का, ते पाहा. साधी काचेची तार साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवली की प्रकाश बाहेर गळायला लागतो. खिळ्याला घट्ट गुंडाळून ठेवलेली तार बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून सिग्नल खाते. टोक बाहेर काढलंत तर त्यात डोकावून पाहू नका. आतला प्रकाश इन्फ्रारेड असतो. तो दिसत नाही, म्हणून डोळा मिटलाही जात नाही. मुलांना हे आवर्जून सांगा.

कांड्या फुल्ल दिसतात, तरी काहीच उघडत नाही. असं का?

त्या कांड्या फक्त तुमचा फोन आणि तुमचा डबा यांच्यातल्या सिग्नलच्या असतात. डब्याच्या पुढे, म्हणजे खांबाकडे आणि तिथून कंपनीकडे, काय चाललंय हे त्या सांगत नाहीत. खात्री करायची असेल तर ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाइप करा. नेमका पत्ता डब्याच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर असतो. डब्याचं पान उघडलं, तर घरातली बाजू ठीक आहे आणि बिघाड बाहेर आहे. पान उघडलं नाही, तर डबा स्वतःच अडकलाय. तो बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा.

त्याच पानावर बहुतेक डब्यांत प्रकाशाची ताकद लिहिलेली असते, ‘आरएक्स पॉवर’ या नावाने. आकडा उणे १५ ते उणे २५ डीबीएम यांच्या दरम्यान असेल तर छान. उणे २७ च्या खाली (उणे २८, उणे २९) गेला असेल तर नेट येत-जात राहणार. हा आकडा लिहून ठेवला आणि तक्रार करताना सांगितला, की पलीकडचा माणूस तुम्हाला “डबा बंद करून चालू करा” असं सांगत बसत नाही.

डब्यामागच्या छिद्रातलं बटण सुईने दाबावं का?

नाही. कळकळीने सांगतो, ते दाबू नका.

बंद करून चालू करणं वेगळं आणि रिसेट करणं वेगळं. बटणाने किंवा स्वीचने बंद-चालू केल्यावर आतलं काही पुसलं जात नाही. सुईने ते बारीक बटण दहा-बारा सेकंद दाबून धरलं की डबा कारखान्यातून आला तेव्हाच्या स्थितीत जातो. तुमच्या वायफायचं नाव, पासवर्ड आणि बऱ्याच ठिकाणी कंपनीचं लॉगिनही जातं. आपल्या भागात स्थानिक केबलवाल्यांकडून घेतलेली बरीच कनेक्शनं युजरनेम-पासवर्डवर चालतात आणि ते लॉगिन डब्यातच भरलेलं असतं. ते एकदा पुसलं की केबलवाला येऊन पुन्हा भरेपर्यंत नेट नाही. जांबोटीच्या पलीकडच्या एखाद्या गावी ऐन पावसाळ्यात तो कधी पोहोचेल, हे सांगायला नको. कनेक्शन घेतानाच ते युजरनेम-पासवर्ड मागून वहीत लिहून ठेवा.

सोप्यात नेट पळतं, स्वयंपाकघरात आणि माडीवर नाही. घर जुनं आहे.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि यात कंपनीचा दोष जवळपास कधीच नसतो.

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, खानापूर, कुठेही बघा. जुन्या घरांच्या भिंती मातीच्या नाहीतर चिऱ्याच्या, हात-दीड हात जाड. घर पुढून मागे लांबच लांब: सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मग परसू. केबलवाला तार रस्त्याकडून आणतो आणि दरवाजाशेजारी पहिला प्लग दिसतो तिथेच डबा ठोकतो. म्हणजे डबा घराच्या एका टोकाला, आणि अर्ध्या लहरी गल्लीत. उलट स्वयंपाकघराकडे जायचं तर मध्ये दोन-तीन जाड भिंती. पावसाळ्यात मातीची भिंत ओल धरते, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. एप्रिलमध्ये माजघरात येणारं नेट जुलैत येत नाही, त्यामागे हेही एक कारण असतं.

डब्याच्या लहरी बल्बच्या उजेडासारख्या चोहीकडे पसरतात. बल्ब जिथे लावाल तिथून उजेड, आणि आड भिंत आली की अंधार. म्हणून डबा माजघरात, शक्यतो दाराच्या रेषेत, जमिनीपासून पाच-सहा फूट उंच लावा. दारातून लहरी सहज जातात, भिंतीतून जाताना दमतात. लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, फ्रिजच्या शेजारी, आरशामागे, पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नका. धातू लहरी परतवतो, पाणी पितं. डबा फळीवर झाकून ठेवायची, त्यावर क्रोशाचा रुमाल घालायची सवय आपल्याकडे आहे. रुमालाने सिग्नल फारसा अडत नाही, पण डबा तापतो आणि तापलेला डबा दुपारी अडकतो.

काचेची तार दहा-पंधरा मीटर वाढवून आत आणायला खर्च फार येत नाही. कनेक्शन घेतानाच “डबा माजघरात बसवा” असं ठामपणे सांगा. ते आत्ता नको म्हणाले तरी हट्ट धरा, नंतर कुणी येत नाही.

माडीचं गणित वेगळं आहे. लाकडी तक्तपोशी असेल तर लहरी वर जातात. सिमेंटचा स्लॅब असेल तर त्यातल्या सळ्या अडवतात. अँटेना बाहेर असलेला डबा असेल तर एक अँटेना उभी आणि एक आडवी ठेवून पाहा, वरच्या मजल्यावर फरक पडतो.

नेटची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ‘५जी’. कुठलं घ्यायचं?

ते मोबाईलचं ५जी नव्हे. एक नाव २.४ गिगाहर्ट्झचं आणि दुसरं ५ गिगाहर्ट्झचं. २.४ लांब जातं, भिंती जरा बऱ्या पार करतं, पण वेग कमी आणि त्यावर गर्दी फार. ५ चा वेग भरपूर, पण एका जाड भिंतीतच जीव जातो. डबा आहे त्याच खोलीत असाल तर ५ घ्या, लांब असाल तर २.४. दोन्हींना एकच नाव दिलं तर फोन स्वतः निवडतो, मात्र जुने फोन चुकीचं धरून बसतात.

रात्री आठनंतरच नेट मंदावतं.

याची दोन कारणं असू शकतात, आणि एका चाचणीने ती वेगळी करता येतात. रात्री त्याच वेळी लॅपटॉप लॅनच्या तारेने थेट डब्याला जोडा आणि वेग मोजा. तारेवरही वेग कमी असेल तर कंपनीच्या लाइनवर गर्दी आहे, तक्रार करा. तारेवर वेग पूर्ण आणि वायफायवर कमी, तर शेजाऱ्यांचे डबे आड येताहेत.

टिळकवाडी-हिंदवाडीतल्या अपार्टमेंटमध्ये किंवा शहापूरच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत फोनवर वीस-पंचवीस वायफायची नावं दिसतात. २.४ मध्ये आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. बाकीचे सगळे एकमेकांत घुसतात. फोनवर वायफाय तपासणारं एखादं मोफत ॲप टाकून बघा, या तिघांतला सगळ्यांत मोकळा चॅनेल डब्याच्या पानावर निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. २.४ वर ४० ठेवली की वेग वाढण्याऐवजी भांडणं वाढतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. तो चालू असताना शेजारच्या फोनचं नेट अडखळलं तर नवल नाही.

१०० चा प्लॅन आहे, मोबाईलवर ४० च दिसतात. फसवणूक आहे का?

लगेच तसं म्हणू नका. जुना किंवा स्वस्त फोन २.४ वर एका अँटेनाने जोडला की त्याची कागदावरची कमाल मर्यादाच ७२ एमबीपीएस असते. प्रत्यक्षात चाळीस-पन्नास मिळतात. तोच फोन ५ वर आणा आणि डब्याजवळ उभं राहून मोजा.

शिवाय १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. डाऊनलोड करताना ‘१२ एमबी’ दिसलं तर पूर्ण वेग मिळतोय. प्लॅन २०० चा आणि तारेवर ९४-९५ वरच अडकतोय, तर लॅनच्या तारेतली एखादी जोडी तुटलीय किंवा डब्याचं पोर्टच १०० चं आहे. तार बदलून बघा, आठही वायरी जोडलेली ‘कॅट ५ई’ घ्या.

करंट गेला की इन्व्हर्टर असूनही नेट जातं.

इन्व्हर्टरच्या मागे बऱ्याचदा एक छोटा स्वीच असतो, एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसरीकडे ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. नॉर्मलवर असताना अदलाबदलीला इतका वेळ लागतो की डबा विझतो आणि पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. स्वीच यूपीएसवर ठेवा. तरी विझत असेल तर डब्याचा ॲडॅप्टर म्हातारा झालाय, बदला.

इन्व्हर्टर नसेल तर डब्यासाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या. हेस्कॉमचा करंट एक-दोन तास गेला तरी त्यावर डबा चालतो. घेताना डब्याच्या ॲडॅप्टरवर लिहिलेला व्होल्टेज जुळला पाहिजे, बहुतेक १२ व्होल्ट. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. आणि हे लक्षात असू द्या की गल्लीतल्या खांबावरच्या किंवा केबलवाल्याच्या केंद्रातल्या यंत्रालाही करंट लागतो. तिथे बॅटरी नसेल तर तुमच्या यूपीएसचा उपयोग होणार नाही.

डबा दिवसातून पाच-सहा वेळा आपोआप बंद होऊन सगळे दिवे पुन्हा लागत असतील, तर नवा डबा विकत घेण्याआधी त्याच व्होल्टेजचा दुसरा ॲडॅप्टर लावून बघा. माझ्या पाहण्यात अशा डब्यांपैकी बहुतेकांचा ॲडॅप्टरच गेलेला होता.

पाऊस आला की नेट जातं. पावसाचा आणि फायबरचा काय संबंध?

काचेतून जाणाऱ्या प्रकाशाला पावसाचं काही वाटत नाही. पण जोड ज्या पेटीत असतात तिचं झाकण उघडं राहिलं तर पाणी शिरतं. कणकुंबी, जांबोटी पट्ट्यात वारा-पावसाने फांद्या तारेवर कोसळतात. तारा झाडांवरून नेलेल्या असल्या की माकडं झोके घेतात, तेही त्याच पट्ट्यात. निपाणी, चिकोडीकडे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाने उंच भरलेल्या ट्रॉल्या खाली लोंबणाऱ्या तारा ओढून नेतात. तुमच्या दारावरची तार रस्ता ओलांडताना खाली आलेली दिसली तर हंगामाआधीच ती उंच बांधून घ्या.

वळवाच्या पावसात मात्र वेगळी काळजी. एप्रिल-मे मध्ये वीज कडाडू लागली की ॲडॅप्टर भिंतीतून काढा, फक्त स्वीच बंद करून भागत नाही. टीव्हीला किंवा कॅमेऱ्याला जोडलेली लॅनची तारही काढा. काचेतून वीज येत नाही, पण घरातल्या तांब्याच्या तारांतून येते, आणि छतावरच्या कॅमेऱ्यापासून आलेली लॅनची तार ही तिची आवडती वाट. डबा, टीव्ही आणि कॅमेऱ्याची पेटी एकाच दणक्यात गेल्याची घरं आमच्याकडे कमी नाहीत.

रिपीटर लावू का?

शक्यतो तारच ओढा. माजघरातून माडीवर किंवा परसातल्या खोलीपर्यंत लॅनची तार न्या आणि तिच्या टोकाला दुसरा डबा ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे तारेने आलेलं नेट वायफायने पुढे देणारा म्हणून, लावा. लॅनची तार १०० मीटरपर्यंत चालते, घरात तर भरपूर झाली. जुना डबा पडून असेल तर तोही चालतो: त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद करा, आयपी पत्ता बदला, वायफायचं नाव-पासवर्ड तोच द्या.

साधा रिपीटर ज्या हवेतून घेतो त्याच हवेतून पुढे देतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. लावायचाच असेल तर जिथे नेट येत नाही तिथे लावू नका, तिथे त्यालाही काही मिळत नाही. डबा आणि ती खोली यांच्या मधोमध लावा. मेश संच (एकमेकांशी जोडून चालणारे दोन-तीन डबे) चांगले असतात, पण चिऱ्याच्या घरात त्यांनाही तार जोडली तरच पैसे वसूल.

कॅमेरा आणि स्मार्ट प्लग वायफायला जोडलेच जात नाहीत.

ही उपकरणं बहुधा फक्त २.४ ओळखतात. जोडताना फोनही २.४ वर ठेवा. सुरक्षेत फक्त ‘डब्ल्यूपीए३’ निवडलं असेल तर जुनी उपकरणं बाहेर राहतात, ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ मिश्र ठेवा.

फक्त एकाच फोनवर नेट नाही.

ते वायफाय ‘विसरा’ करून पासवर्ड पुन्हा टाका. फोनची तारीख-वेळ बघा, ती चुकली की साइट सुरक्षेच्या कारणाने उघडतच नाहीत. व्हीपीएन चालू राहिलंय का तेही बघा. काही साइट उघडतात आणि काही नाहीत असं असेल तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला, ८.८.८.८ किंवा १.१.१.१. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला, तर डब्याने त्याला पत्ता दिलेलाच नाही. डबा बंद-चालू करा.

शेजारी आपलं नेट वापरतात का, कसं कळेल?

डब्याच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. अनोळखी दिसलं तर वायफायचा पासवर्ड बदला, आणि डब्यात शिरण्याचा ‘ॲडमिन’ पासवर्डही बदला. दुसरा बदलायचा राहून जातो, आणि खरा धोका तिथे असतो. डब्ल्यूपीएस बटण (पासवर्ड न टाकता उपकरण जोडायचं) वापरत नसाल तर बंद करा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क ठेवा. गणपतीत घर भरलं की प्रत्येकाला मुख्य पासवर्ड सांगत बसावं लागत नाही.

कस्टमर केअरवर मराठी नाही. आईला एकटीला तक्रार कशी करता येईल?

हा प्रश्न माझ्या जवळचा आहे. मुलं पुण्यात नाहीतर बेंगळुरूत, घरी फक्त म्हातारी माणसं, आणि फोनवर पलीकडे कन्नड, इंग्रजी नाहीतर हिंदी. डब्याशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरांत ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाईल नंबर, केबलवाल्याचा नंबर, आणि देवनागरीत दोन कन्नड वाक्यं: “नेट बर्ता इल्ला” म्हणजे नेट येत नाही, आणि “केंपु लाइट बर्ता इदे” म्हणजे लाल दिवा लागलाय. एवढ्यावर तक्रार नोंदते. फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक मागून त्याच कागदावर तारखेसह लिहायचा. दिव्यांचा फोटो काढून मुलाला व्हॉट्सॲपवर टाकायला आईला शिकवा, मग अर्धं निदान पुण्यात बसून होतं.

कंपनीने दाद दिली नाही तर ३० दिवसांत तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, तक्रार क्रमांक त्यासाठीच लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. बंद राहिलेल्या दिवसांचं भाडं वजा करून मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आमच्या गावात फायबरच आलेलं नाही. मग?

सिमचा राउटर घ्या. पण आधी घरात फोन घेऊन फिरा आणि सिग्नल मोजणाऱ्या ॲपमध्ये ‘आरएसआरपी’, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, बघा. उणे ९० किंवा त्याहून बरा असेल ती खिडकी राउटरची जागा. उणे ११० च्या खाली असेल तर तिथे ठेवून उपयोग नाही, बाहेरची अँटेना लावता येणारा राउटर घेऊन ती छपराच्या वर टॉवरच्या दिशेने लावा. कौलारू घरात अँटेना आढ्याजवळ नेली तरी बराच फरक पडतो, पत्र्याच्या घरात ती पत्र्याच्या बाहेरच हवी.

बाची, तुरमुरी किंवा कोगनोळीसारख्या हद्दीवरच्या गावांत सिम कधी कर्नाटकातला टॉवर धरतं, कधी महाराष्ट्रातला, आणि दोन्हींच्या मधे राउटर सारखा उड्या मारत राहतो. म्हणून सिम घेण्याआधी शेजारपाजारच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर त्याच खिडकीत, सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा, वेग मोजून घ्या. रात्रीचा आकडा ज्याचा बरा, ते सिम घ्या.